ड्यूनेडिनचें धांवपत्रक : रमाकांत देसाई यांच्या एका डावाविषयीं टिपण

इ. स. १९६८ च्या फेब्रुवारी महिन्यांत, ता. १५ पासून ता. २० पर्यंत, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्यूनेडिन या शहरीं भारत व न्यूझीलंड यांच्यांत क्रिकेटचा जो कसोटी सामना झाला त्याचें छापील धांवपत्रक जुन्या क्रीडावार्षिकांतून पाहावयास मिळतें. त्यांतील भारताच्या पहिल्या डावाच्या तळाशीं दोन ओळी आहेत. रमाकांत देसाई, नाबाद ३२; बिशनसिंग बेदी, २२. एकूण बेरीज ३५९. नववा गडी बाद झाला तेव्हां फलकावर ३०२ धांवा होत्या. म्हणजे या शेवटच्या जोडीनें ५७ धांवांची भर घातली. कागद येथें संपतो. डिक मॉट्झ याच्या चेंडूनें देसाई यांच्या जबड्याचें हाड मोडलें होतें, आणि तें मोडलेलें हाड घेऊन ते खेळत राहिले, ही गोष्ट त्या कागदावर कोठेंहि नाहीं. ती तेथें असावी अशी अपेक्षाहि करतां येत नाहीं. कारण धांवपत्रकांत जखमेसाठीं रकाना आंखलेला नसतो.

हा विषय या त्रैमासिकाच्या कक्षेंत येतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. ज्यांनीं दफ्तरांतील रुमाल सोडून पाहिले आहेत त्यांस जमाखर्चाचा कागद आणि बखर यांतील भेद निराळा सांगावयास नको. जमाखर्च सहसा खोटें बोलत नाहीं, पण फार थोडें बोलतो. बखर पुष्कळ बोलते, पण तिचें वाक्य न् वाक्य पारखून घ्यावें लागतें. क्रिकेटच्या इतिहासाचीं साधनेंहि याच दोन जातींचीं आहेत. धांवपत्रक हा जमाखर्च होय. आणि मैदानाच्या कडेस, चाळीच्या गॅलरींत व इराण्याच्या हॉटेलांत ज्या शौर्यकथा सांगितल्या जातात ती बखर होय. जायबंदी खेळाडूनें खेळत राहण्याची हकीकत बहुधा बखरींतच सांपडते. आतां बखरकार काय लिहितो आणि काय सोडतो हें त्याच्या धन्याच्या वैऱ्यावर अवलंबून असतें, हें आपणांस ठाऊकच आहे. खेळाच्या बखरीचीहि तीच गत झाली आहे असें आमचें मत आहे. कोणती जखम लोकांच्या ध्यानांत राहिली व कोणती राहिली नाहीं, हें जखम किती खोल होती यावर ठरलें नाहीं. समोरचा संघ कोणत्या राष्ट्राचा होता यावर ठरलें. देसाई यांच्या चरित्रांत या दोन्ही प्रकारचीं उदाहरणें आहेत, म्हणून तें येथें घेतलें आहे.

रमाकांत भिकाजी देसाई यांचा जन्म ता. २० जून १९३९ चा. उंची सुमारें पांच फूट चार इंच. सोबती त्यांस 'टायनी' म्हणजे चिमुकला या नांवानें हांक मारीत. इतक्या उंचीच्या माणसानें जलद गोलंदाजी करावी हेंच मुळीं नवल. उंच गोलंदाजाचा चेंडू वरून येतो म्हणून आपसूक उसळी घेतो. ठेंगण्या माणसास तीच उसळी खांदा आणि पाठ यांच्याकडून दुप्पट काम करवून मिळवावी लागते. १९५८-५९ च्या हंगामांत त्यांनीं मुंबईतर्फें रणजी सामन्यांत पदार्पण केलें व पहिल्याच वर्षीं ५० गडी बाद केले. त्याच हंगामाच्या अखेरीस, फेब्रुवारी १९५९ मध्यें, वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्ली येथें त्यांस प्रथमच कसोटी सामन्यांत घेण्यांत आलें. वेस्ट इंडीजनें ८ बाद ६४४ पर्यंत डाव लांबविला, आणि एकोणीस वर्षांच्या या मुलाकडून ४९ षटकें टाकवून घेण्यांत आलीं. त्यांत त्यांनीं १६९ धांवांत ४ गडी बाद केले. कोंवळ्या हाडापेराच्या पोराकडून एका डावांत जवळजवळ तीनशें चेंडू टाकवून घेणें यास आज कोणी शहाणपण म्हणणार नाहीं. तेव्हां कोणास त्याचें विशेष वाटलें नाहीं, कारण दुसरा जलद गोलंदाज संघांत असावा असें वाटण्याची संवयच राहिली नव्हती.

देसाई ज्या मुंबईंत वाढले तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. दादरचें शिवाजी पार्क हें मैदान १९२५ सालीं लोकांसाठीं खुलें झालें व १९२७ सालीं त्यास सध्याचें नांव मिळालें. विजय मांजरेकर, सुभाष गुप्ते, अजित वाडेकर आणि स्वतः देसाई हे या मैदानाच्या परंपरेंतले. नांवानें दादरचा, पण माटुंग्याच्या दडकर मैदानावर खेळणारा दादर युनियन हा दुसरा संघ. आणि मरीन लाइन्सच्या समुद्रकांठीं हिंदु जिमखाना. गिरगांवच्या चाळींतील मुलगा सकाळीं लोकलनें वा ट्रामनें निघून यांपैकीं कोणत्या तरी मैदानावर पोंचे. परळ-लालबागच्या गिरणगांवांत हुतुतू व कुस्ती यांचा जोर अधिक होता, पण सुटीच्या दिवशीं चेंडूफळी तेथेंहि दिसे. १९४८ पासून डॉक्टर होरमसजी कांगा यांच्या नांवें पावसाळी सामने सुरू झाले. ऐन श्रावण-भाद्रपदांत, चिखल झालेल्या मैदानांत, उघड्यावर भिजलेल्या खेळपट्टीवर हे सामने होतात. एक चेंडू घोट्याखालून जातो आणि त्याच जागीं पडलेला दुसरा हनुवटीकडे उसळतो. मुंबईच्या फलंदाजांच्या चिवटपणाचें श्रेय या सामन्यांस देण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु अंगावर चेंडू घेण्याची संवयहि येथेंच लागली, हें त्याबरोबर नमूद केलें पाहिजे.

राष्ट्राराष्ट्रांच्या स्पर्धेची संवय मात्र याहून जुनी आहे, आणि ती मुंबईनें आपल्याच मैदानांवर लावून घेतली. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे वार्षिक सामने होत. १९०७ मध्यें हिंदु संघ आल्यानें ते तिरंगी झाले, १९१२ मध्यें मुसलमान संघ आल्यानें चौरंगी, व १९३७ मध्यें 'इतरे जन' या पांचव्या संघानें ते पंचरंगी झाले. तिरंगी सामने सुरू होण्यापूर्वींच, फेब्रुवारी १९०६ मध्यें, हिंदु संघानें युरोपियन संघास १०९ धांवांनीं हरविलें होतें. या विजयाकडे लोकांनीं केवळ खेळ म्हणून पाहिलें नाहीं. वंगभंगाची चळवळ चालू असतां राज्यकर्त्यांचा पराभव झाला, याचा आनंद निराळाच होता.

त्या विजयांत ज्यांचा मोठा वांटा होता ते पळवणकर बाळू हे या प्रकरणांत महत्त्वाचे आहेत, कारण ते प्रथम मैदानावर आले ते पगारी नोकर म्हणून. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यांत दरमहा चार रुपयांवर मैदान राखणें, जाळें लावणें आणि साहेबलोकांस सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकणें हें त्यांचें काम होतें. जातीनें चर्मकार असल्यामुळें हिंदु संघांतील सोबतीच त्यांस चहा निराळ्या मातीच्या भांड्यांत देत. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं जो हिंदी संघ विलायतेस गेला त्यांत बाळूंनीं एकंदर ११४ गडी बाद केले. संघ हरत होता व महाराज दरबारी कामांत गुंतले होते; बाळू गोलंदाजी करीत राहिले. ज्याचें पोट हातावर आहे त्यानें हात दुखतो असें म्हणण्याची सोय नसते.

१९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ गांधीजींकडे वर्ध्यास गेलें असतां त्यांनीं जातवार संघांच्या सामन्यांस आपली नापसंती स्पष्ट कळविली. तरीहि सामने चालू राहिले व १९४५-४६ च्या हंगामानंतर बंद पडले. परंतु लोकांच्या मनांत जी आग होती तिला दुसरें घर मिळावयास वेळ लागला नाहीं. फाळणी झाली, पाकिस्तान हें निराळें राष्ट्र झालें, आणि १९५२-५३ मध्यें त्याचा संघ पहिल्यानें भारतांत आला. १९५४-५५ च्या मालिकेंतील पांचहि सामने अनिर्णित राहिले. १९६०-६१ च्या मालिकेंतील पांचहि सामने तसेच अनिर्णित राहिले. दोन्ही बाजूंस जिंकण्याच्या इच्छेपेक्षां हरण्याची भीति मोठी होती, आणि त्यापुढें सतरा वर्षें, म्हणजे १९७८ पर्यंत, हे दोन संघ परस्परांशीं खेळलेच नाहींत.

या १९६०-६१ च्या मालिकेंत देसाई यांनीं नांव मिळविलें. त्यांनीं एकंदर २१ गडी बाद केले व पाकिस्तानचा खांब म्हणून मानला गेलेला हनीफ महंमद त्यांत चार वेळां होता. मुंबईंत ब्रेबोर्न मैदानावर डिसेंबर १९६० मध्यें झालेल्या पहिल्या सामन्यांत हनीफनें १६० धांवा केल्या. परंतु मुंबईकरांच्या ध्यानांत राहिला तो भारताचा नववा गडी. दहाव्या क्रमांकास आलेल्या देसाई यांनीं ८५ धांवा केल्या आणि यष्टिरक्षक नाना जोशी यांच्यासह १४९ धांवांची भर घातली. त्या दिवसाची हकीकत दादर-गिरगांवांत पुढें कैक वर्षें सांगितली गेली. तो सामना अनिर्णित राहिला, या ८५ धांवांनीं मालिकेचा निकाल बदलला नाहीं व त्या डावांत त्यांच्या शरीरासहि कांहीं अपाय झाला नाहीं. तरी तो डाव लोकांस पाठ आहे. ड्यूनेडिनच्या ३२ धांवांनीं इतिहास बदलला, जबडा मोडला, आणि तो डाव मात्र विचारूनहि फारसा कोणास आठवत नाहीं. हा विरोध आम्हांस विचार करण्यासारखा वाटतो.

त्या काळचा खेळाडू शरीराविषयीं काय समजत असे हें कळण्यासाठीं देसाई यांच्या भोंवतालचीं दोनतीन उदाहरणें घेतलीं पाहिजेत. जून १९५९ मध्यें लॉर्ड्स येथें इंग्लंडविरुद्ध झालेला सामना देसाई यांनीं ८९ धांवांत ५ गडी बाद करून गाजविला. सामन्याचा शेवटचा दिवस, ता. २० जून, हा त्यांचा विसावा जन्मदिवस होता. याच सामन्यांत ब्रायन स्टॅथमचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या बरगड्या मोडल्या. ते तसेच उभे राहिले व संघाच्या १६८ पैकीं ८१ धांवा त्यांनीं केल्या. दुसऱ्या डावांत सलामीस न येतां ते आठव्या क्रमांकास आले आणि नाबाद ११ राहिले. वास्तविक येथें धांवपत्रक बोलतें, पण खुणेनें: सलामीचा फलंदाज आठव्या जागीं दिसला कीं त्याचें शरीर ठीक नव्हतें, हें जाणत्यानें ओळखावें. कागद वाचण्याची ही रीत आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. पत्राचा मायना बदलला म्हणजे दरबारांत कांहीं तरी घडलें, हें आपण ओळखतोंच.

तीन वर्षांनीं कॉन्ट्रॅक्टर हे कर्णधार म्हणून वेस्ट इंडीजमध्यें गेले. ता. १७ मार्च १९६२ रोजीं बार्बाडोसविरुद्ध खेळतांना चार्ली ग्रिफिथचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि कित्येक दिवस जगण्यामरण्याचा प्रश्न होता. रक्त देणारांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल हा पहिला होता. त्याच्यामागून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर हे खेळाडू व वृत्तपत्राचे प्रतिनिधि म्हणून गेलेले प्रभु यांनीं रक्त दिलें. त्याच डावांत ग्रिफिथचा चेंडू नाकावर लागून मांजरेकर यांसहि परतावें लागलें. दुसऱ्या डावांत येऊन त्यांनीं शतक केलें. पंचांनीं याच सामन्यांत ग्रिफिथचा चेंडू फेंकीचा ठरविला. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी सामना खेळले नाहींत, तरी डोक्यांत धातूचा पत्रा बसवून घेऊन ते प्रथम दर्जाचे सामने मात्र खेळले. तो पत्रा साठ वर्षांनीं, २०२२ सालीं, मुंबईंत शस्त्रक्रिया करून काढण्यांत आला. ज्याची कवटी एकदां फुटली आहे त्यानें शिरस्त्राणाशिवाय पुन्हा फलंदाजीस उभें राहावें, यास धैर्य म्हणावें कीं हट्ट, याचा निर्णय आम्हांस करवत नाहीं.

कॉन्ट्रॅक्टर यांच्या जागीं कर्णधारपद आलें तें अवघ्या एकवीस वर्षांच्या मन्सूरअली खान पतौडी यांच्याकडे. आणि त्यांचा उजवा डोळा जुलै १९६१ मध्यें होव्ह येथील मोटारीच्या अपघातांत जवळजवळ निकामी झालेला होता. ड्यूनेडिन येथें भारताचा कर्णधार होता तो हाच एका डोळ्यानें खेळणारा पुरुष.

आतां ड्यूनेडिनकडे वळूं. १९३२ पासून भारताचे संघ परदेशीं कसोटी सामने खेळत होते, पण एकहि सामना त्यांस जिंकतां आलेला नव्हता. १९६७ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें तीन व त्यानंतर ऑस्ट्रेलियांत चार असे लागोपाठ सात पराभव घेऊन हा संघ न्यूझीलंडला पोंचला होता. न्यूझीलंडनें पहिल्या डावांत ३५० धांवा केल्या. त्यांत ग्रॅहम डाउलिंगच्या १४३ होत्या. भारतातर्फें वाडेकर यांनीं ८० व फरोख इंजिनियर यांनीं ६३ धांवा केल्या, तरी नऊ गडी ३०२ वर बाद झाले आणि भारत ४८ धांवांनीं मागें राहणार असें दिसूं लागलें. शेवटच्या जोडींत होते देसाई आणि बेदी. बेदी यांची फलंदाजी त्यांच्या मित्रांसहि विनोदाचा विषय वाटे. या जोडीनें ५७ धांवा केल्या, आणि भारत ४८ नें मागें राहण्याऐवजीं ९ नें पुढें गेला.

येथें खेळाचा एक नियम ध्यानांत घेतला पाहिजे. क्षेत्ररक्षणासाठीं जायबंदी गड्याच्या जागीं दुसरा उभा करतां येई. फलंदाजीसाठीं बदली गडी देण्याची सोय नव्हती. शेवटच्या जोडींतील एक गडी परतला कीं डाव आटोपला. म्हणजे जबडा मोडलेल्या माणसापुढें दोनच मार्ग होते: इस्पितळांत जावें व डाव संपवावा, किंवा तोंडांत रक्त असतां पुढच्या चेंडूस सामोरें जावें. देसाई यांनीं दुसरा मार्ग घेतला. त्या वेळीं शिरस्त्राणें नव्हतीं; कसोटी सामन्यांत तीं दिसूं लागलीं त्याला अजून दहा वर्षें अवकाश होता.

न्यूझीलंडचा दुसरा डाव एरापल्ली प्रसन्न यांनीं ९४ धांवांत ६ गडी बाद करून २०८ वर गुंडाळला. भारतास जिंकण्यास २०० धांवा हव्या होत्या. वाडेकर यांनीं पुन्हां सर्वाधिक ७१ केल्या आणि पांच गड्यांच्या मोबदल्यांत भारतानें सामना जिंकला. परदेशांतील तो पहिला विजय. पुढें मालिकाहि ३-१ अशी जिंकली गेली. आतां साधी वजाबाकी करून पाहावी. शेवटच्या जोडीचे ५७ काढून टाकले, व बाकीचें सर्व जसेंच्या तसें राहिलें असें मानलें, तर चौथ्या डावांत भारतास २०० ऐवजीं २५७ धांवा कराव्या लागल्या असत्या. छत्तीस वर्षांत बाहेर एकदांहि न जिंकलेल्या आणि सात पराभवांनीं खचलेल्या संघानें त्या केल्याच असत्या असें कोण म्हणेल? इतिहासांत 'जर-तर' ला फारसें स्थान नसतें हें खरें. पण जमाखर्चाच्या कागदावर एवढी वजाबाकी करण्याचा हक्क संशोधकास असतो. या पहिल्या विजयाचें श्रेय प्रसन्न व वाडेकर यांस दिलें जातें तें यथार्थ आहे. त्यांच्या पंक्तींत देसाई यांचें पान मांडलेलें दिसत नाहीं, एवढीच आमची तक्रार आहे. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. २८ सामने व ७४ गडी, येथें त्यांचा हिशेब मिटला.

या हकीकतींत आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ज्या मॉट्झनें हा जबडा मोडला त्याचें स्वतःचें शरीरहि धड नव्हतें. न्यूझीलंडतर्फें शंभर कसोटी गडी बाद करणारा तो पहिला गोलंदाज. पण १९६९ चा इंग्लंडचा दौरा तो पाठीचा मणका सरकलेला असतां खेळत होता असें मागाहून उघडकीस आलें, आणि त्यामुळें त्याची कारकीर्द तेथेंच आटोपली.

ड्यूनेडिनच्या जखमेस बखरकार कां मिळाला नाहीं, याचें उत्तर आम्हांस न्यूझीलंड या नांवांतच दिसतें. त्या देशाशीं आपलें कसलेंहि वैर नव्हतें. तेथील विजयानें मुंबईच्या रस्त्यांत कोणाचा सूड उगवला गेला नाहीं. याउलट एप्रिल १९७१ मध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें सुनील गावसकर यांनीं दाढदुखीनें बेजार असतां १२४ आणि २२० धांवा केल्या. मालिकेंतील पहिला सामना बोटाच्या नखाखालीं पू झाल्यामुळें त्यांस खेळतां आला नव्हता; राहिलेल्या चार सामन्यांत त्यांनीं ७७४ धांवा केल्या. दाढ सामना संपल्यावरच काढण्यांत आली. ती दाढ मुंबईंत घरोघर ठाऊक आहे, कारण वेस्ट इंडीज हा ज्यानें नऊ वर्षांपूर्वीं आपल्या कर्णधाराची कवटी फोडली व मालिकेंत पांचहि सामने हरविले असा प्रतिपक्ष होता. दाढदुखी आणि मोडलेला जबडा यांची तुलना वैद्यानें करावी. लोकांनीं ती प्रतिपक्ष पाहून केली.

वेस्ट इंडीजविरुद्धच एकदां धांवपत्रकहि बोलतें झालें. एप्रिल १९७६, किंग्स्टन. पहिल्या डावांत अंशुमन गायकवाड यांस ८१ धांवांवर असतां कानाच्या वर चेंडू लागला, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर लागला, गुंडाप्पा विश्वनाथ यांचें बोट मोडलें. बिशनसिंग बेदी आतां कर्णधार होते. त्यांनीं ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसरा डाव पांच गडी बाद ९७ वर थांबला. प्रथम तोहि सोडला असें समजण्यांत आलें. मागाहून कर्णधाराकडून खुलासा झाला कीं डाव सोडलेला नसून पूर्ण झाला आहे, खेळण्यास कोणी उरलेला नाहीं. म्हणून त्या धांवपत्रकांत एकाखालीं एक पांच नांवांपुढें 'अनुपस्थित, जायबंदी' अशी नोंद आहे. वेस्ट इंडीजला १३ धांवा हव्या होत्या, त्या त्यांनीं केल्या. या पांच ओळी म्हणजे कागदाच्या भाषेंत केलेली फिर्याद होय. आणि ती ड्यूनेडिनला देसाई यांचा जोडीदार असलेल्या माणसानें केली, हें आम्हांस योगायोगाहून अधिक वाटतें.

पाकिस्तानविषयीं तर लिहावें तेवढें थोडें. डिसेंबर १९८९ मध्यें सियालकोट येथें वकार युनूसचा चेंडू नाकावर लागून सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांचें रक्त वाहूं लागलें व ते खेळत राहिले. शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं तयार झालेल्या या मुलाचा तो ५७ धांवांचा डाव. सामना व मालिका दोन्ही अनिर्णित. देसाई-बेदींच्या जोडीच्या धांवाहि ५७ च होत्या. एक नाक शाळेंतील मुलांसहि माहीत आहे, दुसरा जबडा कोणास माहीत नाहीं. त्यानंतर दोन वर्षांनीं, ऑक्टोबर १९९१ मध्यें, पाकिस्तानी संघ येऊं नये म्हणून शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनीं वानखेडे मैदानाची खेळपट्टीच उखडली व तो दौरा झाला नाहीं. जानेवारी १९९९ मध्यें या दोन संघांचा पुन्हां कसोटी सामना झाला तो चेन्नईस. तेथें तेंडुलकर यांनीं पाठ आंखडून गेलेली असतां १३६ धांवा केल्या. ते बाद झाले तेव्हां जिंकण्यास १७ धांवा उरल्या होत्या. राहिलेले गडी चार धांवांत बाद झाले आणि भारत १२ धांवांनीं हरला. त्या पाठदुखीवर जेवढें लिहिलें गेलें तेवढें भारताच्या कांहीं विजयांवरहि लिहिलें गेलें नसेल.

खेळाडू पगारी झाल्यानें ही स्थिति सुधारली काय? विनू मांकड यांचें उदाहरण घ्यावें. १९५२ मध्यें ते हॅसलिंग्डन या इंग्रज क्लबाचे पगारी खेळाडू होते व लॉर्ड्सच्या सामन्यासाठीं त्यांस तेथून मागून आणावें लागलें. त्यांनीं ७२ आणि १८४ धांवा केल्या व दोन डावांत मिळून ९७ षटकें टाकलीं. हें काम एका शरीराकडून घ्यावयाचें नसतें. पण ज्याच्याकडून तें होतें त्याच्याकडून तें घेतलें जातें, मग तो पगारी असो वा हौशी. देसाई व वाडेकर यांच्या पिढीस खेळानें पोट भरतां येत नसे. बँका व कंपन्या आपल्या टाइम्स शील्डच्या संघासाठीं खेळाडूंस नोकरी देत, तीच त्यांची खरी मिळकत. हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाराचा मुलगा एकनाथ सोलकर शिरस्त्राणावांचून फलंदाजापासून दोन हातांवर उभा राहून २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतो, त्याच्या मागें पैशाचा मोह होता असें कोणी म्हणणार नाहीं. पुढें पैसा आला, शिरस्त्राण आलें, आणि ता. १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्यास मार लागलेल्या खेळाडूच्या जागीं फलंदाजीसहि बदली गडी देण्याची सोय झाली. जबडा मोडला व डोकें शाबूत असलें तर काय, हा प्रश्न त्या नियमानें सोडविला नाहीं.

देसाई पुढें राष्ट्रीय निवडसमितीचे अध्यक्ष झाले व एप्रिल १९९८ मध्यें मुंबईंत हृदयविकारानें निवर्तले. त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं हनीफचे चार बळी आणि ब्रेबोर्नच्या ८५ धांवा आठवणीनें छापल्या.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. गिरगांव, दादर, माटुंगा व परळ येथील जुन्या क्लबांच्या धांवनोंदींच्या वह्या अजून कित्येक घरांत माळ्यावर पडून आहेत. पावसाळ्यांत त्यांस कसर लागते आणि घर बदलतांना त्या रद्दींत जातात. अशा वहींत छापील रकान्याबाहेर, समासांत, शिसपेन्सिलीनें केलेल्या बारीक टिपा असतात: अमक्याच्या बोटास लागलें, अमका पाणी पिण्यास गेला, अमक्याच्या ऐवजीं तमका धांवला. वहीची नक्कल करतांना अशा टिपा निरुपयोगी समजून गाळण्याची चाल आहे. नक्कल करणारानें समासहि उतरून घ्यावा, आणि पेन्सिलीचें अक्षर पुसट झालें असेल तर वही तिरप्या उजेडांत धरून वाचावी.